'निर्बंध'मधला 'निर्' काय करतो?

प्रश्न असा आहे: 'निर्धन म्हणजे धन नसलेला, निर्दोष म्हणजे दोष नसलेला. मग निर्बंध म्हणजे बंध नसलेला असं का नाही? आणि माध्यमांविषयी लिहिताना निर्बंध, बंदी, गळचेपी हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास येतात, ते चालतं का?'

पहिल्या भागाचं उत्तर सोपं आहे. निर् हा उपसर्ग दर वेळी 'नाही' म्हणत नाही. निर्णय, निर्धार, निर्देश यांत तो क्रियेला जोर देतो. निर्बंध याच पंगतीतला. गंमत म्हणजे संस्कृतात त्याचा ठळक अर्थ हट्ट, आग्रह असा होता. रघुवंशात कौत्स हा शिष्य 'गुरुदक्षिणा सांगाच' म्हणून मागे लागतो आणि गुरू चिडतात, तिथे कालिदासाने हाच शब्द वापरला आहे. म्हणजे तोच प्रश्न चौथ्यांदा विचारणारा वार्ताहर संस्कृतात निर्बंध करतो, आणि मराठीत त्याच्यावर निर्बंध येतात! सावरकरांच्या लेखनात तर निर्बंध म्हणजे सरळ कायदा. आजचा अर्थ त्याच्या जवळचा, पण अरुंद: कायद्याने घातलेली अट.

अट म्हटलं की बंदीपासूनचा फरक दिसतो. बंदीत गोष्टच थांबते. निर्बंधात ती चालू राहते, फक्त तिला कुंपण पडतं. 'पीडितेचं नाव छापू नका' हा निर्बंध. 'खटल्याची बातमीच देऊ नका' ही बंदी. पहिल्या आदेशाच्या बातमीला 'वार्तांकनावर बंदी' असा मथळा दिला, तर ती चूक भाषेची नाही, माहितीची आहे. गळचेपी आणि मुस्कटदाबी हे तर निकाल देणारे शब्द. ते वापरले की निर्बंध अन्याय्य आहे हे आपण ठरवून मोकळे झालो. अग्रलेखात खुशाल वापरावेत, बातमीत नकोत. क्रियापदावरही लक्ष ठेवा: निर्बंध 'घातले' तटस्थ आहे, 'लादले' नाही.

पण खरी मेख 'वाजवी' या विशेषणात आहे. अभिव्यक्तिस्वातंत्र्यावर कोणत्या कारणांसाठी निर्बंध घालता येतात, हे भारतीय संविधानाचा अनुच्छेद १९(२) सांगतो. त्याच्या मराठी पाठात 'वाजवी निर्बंध' असे शब्द आहेत. १९५० च्या मूळ इंग्रजी मजकुरात मात्र या पोटकलमात 'वाजवी'चा मूळ शब्दच नव्हता. बदनामी, न्यायालयाचा अवमान, सभ्यता, राज्याची सुरक्षितता अशी कारणं तेवढी होती. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने सार्वजनिक सुव्यवस्थेसारखी नवी कारणं घातली आणि त्यांच्यासोबत हे विशेषणही आलं. सरकारचा हात एका बाजूने लांब झाला, दुसऱ्या बाजूने त्याला मोजपट्टी लागली.

'वाजवी' आपल्याकडे दरांसोबत इतका वापरला जातो की त्याचा अर्थ 'फार नाही, बेताचा' असा वाटू लागतो. म्हणूनच काही जण 'माफक निर्बंध' लिहितात. ते चूक. माफक म्हणजे आकाराने लहान. लहानसा निर्बंधही अवाजवी असू शकतो. 'वाजवी' आला अरबीतल्या 'वाजिब'वरून, आणि त्याचा मूळ अर्थ आवश्यक, करणं भागच असलेलं. नागरी व राजकीय हक्कांच्या १९६६ च्या आंतरराष्ट्रीय करारातही निर्बंधाला हीच कसोटी आहे: तो कायद्यात असला पाहिजे आणि आवश्यक असला पाहिजे. शब्दाची व्युत्पत्ती आणि कायदा असे एका ठिकाणी येतात तेव्हा मला उगाच आनंद होतो.

हेतू चांगला असला म्हणजे निर्बंध वाजवी ठरतो, असंही नाही. याचं उदाहरण मराठी वृत्तपत्राचंच आहे. वृत्तपत्राने किती किमतीला किती पानं द्यावीत हे १९५६ चा कायदा आणि १९६० चा आदेश यांनी ठरवून दिलं होतं. बड्यांच्या स्पर्धेत छोटी वृत्तपत्रं चिरडली जाऊ नयेत, असं सरकारचं म्हणणं. 'सकाळ'च्या कंपनीने आव्हान दिलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ही बंधनं रद्द केली. पानं घटली की मजकूर घटतो, किंमत वाढली की खप घटतो; हा थेट अभिव्यक्तीवर घाला, आणि त्यासाठी दिलेलं कारण १९(२) च्या यादीत नाही. म्हणजे आधी कारण यादीतलं हवं, मग गरज आणि प्रमाण पाहायचं. आणि हे पटवून देण्याचं ओझं निर्बंध घालणाऱ्यावर, बोलणाऱ्यावर नाही.

राहता राहिला तुमचा 'बंध नसलेला'. त्यासाठी मराठीत 'अनिर्बंध' आहे. पण 'अनिर्बंध सत्ता', 'अनिर्बंध वापर' असे प्रयोग ऐकून ऐकून त्याला बेलगामपणाचा वास लागला आहे. स्वातंत्र्याच्या बाजूने लिहायचं असेल तर 'निर्बंधमुक्त' बरा.