वाचकांचे प्रश्न : बारसे लांबले, नावावरून अडले

प्रश्न : माझे माहेर सोलापूरचे आणि सासर बार्शीचे. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे मी सातव्या महिन्यात इकडे आले आणि होळीनंतर दोन दिवसांनी, दिवस भरायला चार आठवडे बाकी असताना, सिझेरियन होऊन मला मुलगी झाली. पडद्यापलीकडची धावपळ कानांवर येत होती, पण ज्या आवाजाची मी वाट पाहत होते तो काही आला नाही. मुलगी लगेच रडली नाही. तिला श्वासासाठी मदत द्यावी लागली, क्षणभर माझ्या गालाला लावले आणि वरच्या मजल्यावरच्या काचेच्या पेटीत नेले. तिथे ती अकरा दिवस होती. रंगपंचमीला खाली रस्त्यावर पोरांचा दंगा चालला होता आणि मी टाके सांभाळत वर जाऊन, कोपरापर्यंत हात धुऊन, पेटीच्या गोल झरोक्यातून तिच्या तळपायाला बोट लावून बसले होते. तिच्या घोट्याला एक पट्टी बांधली होती, तिच्यावर माझे नाव आणि पुढे ‘चे बाळ’ एवढेच लिहिले होते. सिस्टर तिला माझ्याच नावाने ओळखत. मी मात्र मनातल्या मनात तिला ‘अबोली’ म्हणू लागले.

पाचवी पुजली गेली नाही आणि बारावा दिवस दवाखान्यातून घरी येण्यातच गेला. आता सासूबाई म्हणतात की गुरुजींनी हस्त नक्षत्राचे चौथे चरण आणि ‘ठ’ हे अक्षर काढले आहे, तेव्हा नाव त्यावरूनच हवे. आणि ‘अबोली’ तर मुळीच नको, कारण जी पोर जन्मताना रडली नाही तिला न बोलणारी म्हणायचे म्हणजे आपल्याच तोंडाने अशुभ ओढवून घेणे. त्यातच दवाखान्यातील कारकुनाने ‘आत्ताच नाव सांगा, नाहीतर दाखला मिळणार नाही’ असा तगादा लावला होता. यजमानांनी नावाचा रकाना तसाच कोरा ठेवून अर्ज दिला. बारसे टळल्याचा दोष लागतो का, नाव किती दिवसांत द्यावे लागते आणि मी माझा हट्ट सोडावा का?

— एक ओली बाळंतीण, सोलापूर

उत्तर : आधी कारकुनाचे बोलणे मनातून काढून टाका, कारण ते चुकीचे होते आणि यजमानांनी रकाना कोरा ठेवला हे उत्तम केले. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 नुसार जन्माची खबर 21 दिवसांत द्यावी लागते आणि दवाखान्यातील जन्माची खबर देण्याची जबाबदारी दवाखान्याची असते. पण ही मुदत जन्माच्या नोंदीची आहे, नावाची नव्हे. नावाशिवाय नोंद होते. महाराष्ट्रात नोंदणीच्या तारखेपासून 12 महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत घालता येते. मात्र नोंद जन्मस्थळाच्या निबंधकाकडे होत असल्यामुळे हे काम बार्शीला नव्हे, सोलापुरातच करावे लागेल, हे सासरच्या मंडळींना आताच सांगून ठेवा. बहुतेकांची पहिली खेप यातच वाया जाते. एकदा घातलेले नाव पुढे आवडले नाही म्हणून बदलून मिळत नाही, फक्त लेखनातील चूक दुरुस्त होते. तेव्हा अर्ज देताना बाळाच्या नावाचे देवनागरी आणि इंग्रजी अशी दोन्ही स्पेलिंगे, तसेच तुमचे स्वतःचे नाव आधारकार्डावर आहे तसेच लिहिले आहे का, हे अक्षर न् अक्षर लावून पाहा. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच दाखला लागणार आहे.

आता बारशाविषयी. ज्या मनुस्मृतीचा आधार वडीलधारी मंडळी देतात, तिच्याच दुसऱ्या अध्यायात नामकरण दहाव्या किंवा बाराव्या दिवशी करावे, अथवा एखाद्या पुण्य तिथीला, मुहूर्तावर किंवा शुभ नक्षत्रावर करावे, असे म्हटले आहे. या ‘अथवा’कडे फारसे कोणी पाहत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू कुटुंबांत विचारा; त्यांच्याकडे बारसे एकविसाव्या दिवशीही होते आणि त्यांची मुले काही बिननावाची राहिलेली नाहीत. पाचवीचे म्हणाल, तर सटवाई लेख लिहायला येते त्या रात्री बाळ दवाखान्यात दिव्याखाली होते आणि कोणी ना कोणी त्याच्याजवळ रात्रभर जागे होते. जागरणच करायचे असते ना?

‘ठ’ची अडचण मात्र खरी आहे, आणि ती तुमच्या एकट्याची नाही. 27 नक्षत्रांची प्रत्येकी चार चरणे, अशी एकूण 108 अक्षरे अवकहडा चक्रात वाटून दिलेली आहेत. त्यात हस्त नक्षत्राच्या वाट्याला पू, ष, ण, ठ ही आली आहेत. तुमची मुलगी थोडी आधी जन्मली असती तर ‘ण’ आला असता आणि मग गुरुजींनाच घाम फुटला असता. अशा वेळी पुष्कळ जण राशीचे दुसरे अक्षर घेतात. हस्त नक्षत्र कन्या राशीत पडते, त्यामुळे ‘प’ चालतो. पण तेवढ्यासाठी मनातले नाव टाकण्याचे कारण मला दिसत नाही, कारण परंपरेत बाळाला नाव एक नसतेच. काशाच्या ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने कुलदेवतेचे नाव, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाव अशी चार नावे लिहितात. ‘ठ’वरचे नाव तांदळात लिहावे, पत्रिकेत राहू द्यावे, कुलदेवतेचे नाव सासूबाईंनी सुचवावे, आणि निबंधकाकडे जाते ते चौथे, ते तुम्ही दोघांनी ठरवावे.

राहिले ‘अबोली’. येथे मी तुमच्यापेक्षा सासूबाईंविषयी अधिक लिहिणार आहे. तुम्ही ज्या आवाजाची वाट पाहत होता, त्याच आवाजाची त्या बाहेरच्या बाकावर बसून वाट पाहत होत्या, आणि त्यांना तर आत काय चालले आहे हेही दिसत नव्हते. त्यांचा विरोध नावाला कमी आणि त्या शांततेला जास्त आहे. तो वाद घालून जाणार नाही. दर 10 नवजात बाळांपैकी सुमारे एकाला जन्मताच श्वास घ्यायला थोडीफार मदत लागते, हे त्यांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. याहून महत्त्वाचे म्हणजे, पाच दिवसांपेक्षा अधिक काळ अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळाची श्रवणचाचणी करून घ्यावी लागते, आणि ती शक्यतो पहिल्या महिन्यात झाली पाहिजे. झाली नसेल तर बारशाच्या आधी करून घ्या आणि सासूबाईंना बरोबर न्या. मूल बोलेल की नाही या धास्तीवर उपाय करायचा तो कानाचा. नावाला त्यात ओढू नये.

शिवाय अबोली म्हणजे फूल, हे या गडबडीत सगळेच विसरले आहेत. फुलांच्या बाजारात केशरी अबोलीचे वळेसर मिळतात, त्याच फुलाला सोलापूरच्या कानडी आणि तेलुगू घरांतल्या बायका कनकांबर, कनकांबरम् म्हणतात. कनक म्हणजे सोने आणि अंबर म्हणजे वस्त्र. मागावर पोट भरलेल्या या गावात सोनेरी वस्त्राच्या अर्थाचे फूल अशुभ कसे ठरेल? मला विचाराल तर नाव अबोलीच ठेवावे. परंतु सासूबाईंचे मन दोन महिने घेणार असेल, तर ते दोन महिने त्यांना द्यावेत. कायद्याने तुम्हाला बारा दिले आहेत.

जाता जाता एक गोष्ट. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नावे शासकीय कागदपत्रांत लिहिताना बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्य शासनाने ठरवला आहे. म्हणजे घोट्यावरच्या पट्टीवर जे नाव होते, ते शाळेच्या हजेरीपटावर मुलीच्या नावाला लागूनच येईल. ती पट्टी टाकली नसेल तर जपून ठेवा.

प्रश्न : माझ्या नातवाला सख्खी आत्या नाही. बारशाला कानात नाव कोणी सांगावे?

— एक आजी, होटगी रस्ता

उत्तर : चुलत किंवा मामे आत्या चालते, शेजारची मानलेली आत्याही चालते, कोणीच नसेल तर तुम्ही सांगा. ‘कुर्रर्र’ करून बाळाच्या कानाशी वाकल्यावर जमलेल्या बायका पाठीत धपाटे घालतील, तेवढे सोसता आले पाहिजेत. आत्याच्या मानाचे लुगडे मात्र सुनेकडून हक्काने घ्यावे.