मधोमध शेकोटी, पण धूर?

प्रश्न: रामटेकजवळ शेतावर सागवानी खोली बांधतोय. मधोमध शेकोटी हवी. धूर कोंडेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: धुराड्याचं माप चुकलं तर हमखास कोंडेल. शेकोटीच्या उघड्या तोंडांच्या एकूण क्षेत्रफळाचा दहावा भाग धुराड्याला द्या. चारही बाजूंना 2 × 1.5 फुटांची तोंडं ठेवली, तर 12 चौरस फूट होतात. पाइप 15 इंची लागेल. तीन बाजू विटांनी बंद केल्या, तर 8 इंची पुरतो. नागपूरच्या थंडीला तेवढं पुष्कळ!

साधा पत्र्याचा पाइप लाकडापासून 18 इंच दूर ठेवा. छतातून जाताना मात्र दुपदरी, इन्सुलेशनवालाच हवा. छपराच्या वर किमान 3 फूट काढा. आणि खांब मातीत गाडू नका, वाळवी लागेल. फूटभर उंच दगडी बैठकीवर उभे करा.