आधी पिंगळा, मग रानपिंगळा

पोरी,

दुर्बीण कोणती घेऊ आणि सातपुड्यातल्या तोरणमाळला पक्षी पाहायला कधी जाऊ, हे तू एका दमात विचारलंस. दुर्बीण आठपट मोठं दाखवणारी, ८×४२ची, कोणतीही बरी घे. नाही जमली तरी अडत नाही. तोरणमाळ मात्र वर्षभर राहू दे.

आधी दारातला निंब पाहा. मे महिन्यात, गल्लीत कुत्रंही फिरकत नाही अशा दुपारी, तांबट पक्षी एकसारखा टुक टुक करत असतो. तो शोधून काढ. मला दोन उन्हाळे लागले, कारण तो डोकं इकडेतिकडे वळवत ओरडतो आणि आवाज जागा बदलतोय असं वाटतं. सावलीत पाण्याचं पसरट परळ ठेव, पण मांजराला दबा धरता येणार नाही अशा ठिकाणी. सातभाई येतीलच भांडत. मोजून पाहा, सात क्वचितच भरतात! पावसाळ्यात विहिरीवरच्या बाभळीला सुगरणींचे खोपे लटकतील. नाव बाईचं, पण विणतो नर. मादी येऊन पारखते आणि नापसंत पडला तर बुवा दुसरा विणायला घेतात. हे सांगितलं तेव्हा तुझी काकू बराच वेळ हसत होती. का, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

प्रवासात खिडकी सोडू नकोस. भुसावळहून सुरतेकडे पॅसेंजरने जाताना अमळनेर-दोंडाईचा पट्ट्यात मी कधी कंटाळलो नाही. तारेवर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल. झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसणारा वेडा राघू. नीलपंख बसलेला मातकट दिसतो, पण उडाला की डोळे दिपतात. हिवाळ्यात दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, निसवली की मध्य आशियातून आलेल्या भोरड्यांचे थवे उतरतात. वडील गोफण फिरवत असायचे आणि मी थवा वळताना बघत उभा राहायचो. त्याबद्दल शिव्या भरपूर खाल्ल्या. त्याच दिवसांत हतनूर धरणाच्या पाण्यावर चक्रवाक बदकं येतात, ते पाहायला मी नेईन तुला.

वहीबद्दल मात्र मी कडक आहे. तारीख, जागा, वेळ, आणि दिसलं तेवढंच लिही. त्याचं कारण आपल्याच भागातलं आहे. रानपिंगळा म्हणजे जंगलातलं छोटं घुबड. त्याची १८८४ नंतर खात्रीची नोंद नव्हती. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १९१४चा म्हणून त्याचा एक जतन केलेला नमुना दाखवला होता, पण तो चोरलेला निघाला, आणि त्याला बांधलेल्या चिठ्ठीवरचं ठिकाणही खोटं. त्या चिठ्ठीपायी लोक भलतीकडे शोधत राहिले. पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षीतज्ज्ञ बाईंनी संग्रहालयांतले जुने नमुने तपासून ती लबाडी उघड केली आणि खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागावर दोन सोबत्यांसह इकडे आल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याला, तो दिवसाउजेडी झाडावर बसलेला सापडला.

मीही एकदा तोरणमाळला सोबत्याने "तो बघ!" म्हटलं म्हणून वहीत 'रानपिंगळा' लिहून मोकळा झालो. घरी आल्यावर आठवू लागलो, तर कपाळ नीट पाहिलंच नव्हतं. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, रानपिंगळ्याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. ती ओळ खोडली. खोडलेली ओळ अजून वहीत आहे, दाखवीन.

तुमच्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहते, हे तुझ्या आजीला ठाऊक आहे. दिवेलागणीला दोघं बाहेर येऊन बसतात. आठवडाभर त्यांचे ठिपके पाहा, माना कशा डोलावतात ते पाहा, आणि मला लिही. मग तोरणमाळची एसटी किती वाजता सुटते ते कळवतो.

तुझा,
काका