सिस्टरला 'हात धुतले का' असं विचारायचं कसं?

प्रश्न : ताई, माझे सासरे ७४ वर्षांचे, गेल्या महिन्यात बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन छान झालं पण पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप भरला, डॉक्टर म्हणाले लघवीचं इन्फेक्शन झालंय, इथलंच. आठ दिवस मुक्काम वाढला. तिथल्या सिस्टर शेजारच्या पेशंटची लघवीची पिशवी रिकामी करून तशाच आमच्या बाबांच्या सलाईनला हात लावायच्या, मला दिसत होतं पण वाटलं बोलले तर चिडतील नि बाबांकडे दुर्लक्ष करतील. बोलायला हवं होतं का? आणि आम्हा घरच्यांचं काही चुकलं का?
– एक सून, सांगली

उत्तर : हो, बोलायला हवं होतं, पण बोलता आलं नाही म्हणून स्वतःला खात बसू नका. मी तीस वर्षं वॉर्डात काढलीत, शेवटची काही इन्फेक्शन कंट्रोल नर्स म्हणून, आणि पेशंटच्या घरचं माणूस तिथे किती दबून असतं ते रोज बघितलंय. पुढच्या वेळी सिस्टर कॉटजवळ आल्या आल्याच, त्यांनी हात लावायच्या आधी म्हणा, "सिस्टर, जरा सॅनिटायझर घेता का, बाबांना पटकन इन्फेक्शन होतं." हात लावून झाल्यावर सांगितलं की ती तक्रार वाटते, आधी सांगितलं की काळजी वाटते. रात्रपाळीला एका सिस्टरकडे वीस-पंचवीस पेशंट असतात, बहुतेक वेळा विसरायला होतं, आणि बाटली कॉटलाच अडकवलेली असेल तर हात आपोआप तिकडे जातो. तरी फरक पडला नाही तर इन्चार्ज सिस्टरला भेटा.

हात इतके महत्त्वाचे का, तर १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट बाळंतिणी तपासायला येतात त्या वॉर्डात जास्त बायका तापाने मरतायत, त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. त्याचं बोलणं तेव्हा कित्येक डॉक्टरांना पटलं नव्हतं, मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता तुमच्या बाबांचं. लघवीची नळी आत असली की लघवीत जंतू यायची शक्यता दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के असते, म्हणून रोज राउंडला एकच प्रश्न विचारायचा, "नळी आज काढता येईल का?" नळी राहून जाते कारण पेशंटला उठवायला नको, सगळ्यांची सोय होते, आणि घरचेही म्हणतात राहू दे अजून दोन दिवस. तुमच्याकडेही असं झालं असेल तर इथे खरंच चुकलं. पिशवी कायम कमरेच्या खाली पण जमिनीला न टेकता, एक्सरेला नेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात ते अजिबात करू द्यायचं नाही, लघवी उलटी आत जाते. नळीला पीळ नको. पिशवी रिकामी करायच्या आधी नि नंतर हात धुवायचे, तुम्हीसुद्धा.

भेटायला येणाऱ्यांनी कॉटवर बसायचं नाही, खोकला-सर्दी असेल तर यायचंच नाही, आणि एका पेशंटजवळून दुसऱ्याकडे विचारपूस करत फिरायचं नाही. आपल्याकडे हे फार होतं, मायेनेच होतं, पण जंतू असेच फिरतात. सॅनिटायझर २०-३० सेकंद चोळायचं, हात मळलेले दिसत असतील किंवा वॉर्डात कुणाला जुलाब असतील तर मात्र साबण-पाणीच, कारण जुलाबाच्या काही जंतूंवर सॅनिटायझर चालत नाही.

आणि पुन्हा ताप आला तर अँटिबायोटिक सुरू करायच्या आधी लघवीचा कल्चर (कोणते जंतू आहेत नि त्यांच्यावर कोणतं औषध चालेल ते बघायची तपासणी) पाठवायला सांगा, हॉस्पिटलमधले जंतू बऱ्याच औषधांना दाद देत नाहीत. जुना रिपोर्ट फाईलला लावून ठेवा, नवीन डॉक्टरला तो लगेच लागतो.

प्रश्न : मी घरी जाऊन पेशंट सांभाळते. हातात ग्लोव्हज असतात, मग परत हात कशाला धुवायचे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ग्लोव्हजला बारीक भोकं असू शकतात, आणि काढताना बाहेरची घाण हाताला लागतेच. डायपर बदललेल्या ग्लोव्हजनेच पाण्याचा ग्लास, मोबाईल, दाराची कडी धरलेली मी कितीतरी वेळा बघितलीय. एका कामाला एक जोडी, काढली की टाकायची, लगेच हात धुवायचे, मग पुढचं काम.