दम्यात प्लेटलेट्सचा हात असतो म्हणे, मग ॲस्पिरिन घेतली तर दमा कमी होईल का?

नाही. हे आधीच सांगतो, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल. दमा असलेल्या माणसाने असला हिशोब मांडून घरच्या घरी ॲस्पिरिन घेऊ नये. तुमचा हा प्रश्न आमच्या दाजींनी अगदी ह्याच शब्दात डॉक्टरांसमोर विचारला होता, म्हणून लिहायला बसलो.

ताईला दमा लागला तो पस्तिशीत, लहानपणी काहीच नव्हतं. आधी नाक चोंदायला लागलं, मग पॉलिप म्हणजे नाकात मऊ गाठी निघाल्या, ऑपरेशन झालं, दीड वर्षात परत वाढल्या, वास येणं तर पूर्ण बंद, शेगडीवर दूध करपलं तरी तिला कळायचं नाही. गौरी जेवणाच्या दिवशी सकाळपासून पोळ्या लाटून डोकं दुखायला लागलं म्हणून दाजींनी ॲस्पिरिनची गोळी पाण्यात विरघळवून दिली. तासाभरात नाक गळायला लागलं, चेहरा लालबुंद, छाती अशी आवळली की पंप मारूनही श्वास पुरेना, रिक्षात घालून दवाखान्यात नेली, नेब्युलायझर लावला. घरी येऊन सगळ्यांनी धुपाच्या धुरावर खापर फोडलं. दोन महिन्यांनी कंबर धरली म्हणून आयब्युप्रोफेन घेतली, परत तेच, तेव्हा तर घरात धूपही नव्हता, तर म्हणे ती फार मनाला लावून घेते! तिसऱ्या वेळी छातीच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, अटॅकच्या आधी दोन-तीन तासात कुठली गोळी पोटात गेली होती?

त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून समजावलं. प्लेटलेट्स म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी, आपल्याला माहीत त्या डेंग्यूमुळे, किती लाखावर आल्या एवढंच आपण विचारतो. पण दम्यात त्या नुसत्या फिरत नाहीत. चेतवल्या गेल्या की त्यांच्या अंगावर पी-सिलेक्टिन नावाचं प्रथिन येतं, त्याने त्या इओसिनोफिलसारख्या पांढऱ्या पेशींना चिकटतात आणि त्यांना रक्तातून फुफ्फुसात शिरायला मदत करतात. उंदरांच्या प्लेटलेट्स काढून टाकल्यावर ॲलर्जीनंतर फुफ्फुसात जमणारे इओसिनोफिल कमी झालेले प्रयोगात दिसलंय. शिवाय श्वासनळीचे स्नायू आवळणारी ल्युकोट्राईन्स नावाची रसायनं. प्लेटलेटला ती एकटीने बनवता येत नाहीत, कच्चा माल पांढऱ्या पेशीकडून घेते आणि पुढची पायरी स्वतः करते. ताईसारख्या पेशंटच्या रक्तात अशा प्लेटलेट चिकटलेल्या पांढऱ्या पेशी जास्त सापडतात.

हे ऐकल्यावर दाजी म्हणाले, मग ॲस्पिरिन प्लेटलेट्सच दाबते ना, म्हणजे मी दिली ते बरोबरच! ॲस्पिरिन कॉक्स-१ हे एन्झाइम बंद करते, त्याने प्लेटलेटमधलं, रक्ताची गुठळी करायला लावणारं थ्रॉम्बॉक्सेन थांबतं हे खरं, हार्टवाल्यांना देतात ते त्यासाठीच. पण त्याच एन्झाइममधून प्रोस्टाग्लँडिन ई-२ बनतं, आणि ल्युकोट्राईन्सवर लगाम असतो तो त्याचा. लगाम सुटला की ल्युकोट्राईन्सचा लोंढा येतो आणि नळी आवळते. प्रासुग्रेल ही प्लेटलेट दाबणारी दुसरी गोळीही अशा पेशंटना देऊन बघितलीय, सरसकट फायदा झाला नाही. आणि हे काही आजकालचं फॅड नाही, टायफॉइडची विडाल टेस्ट ज्यांच्या नावाची, त्याच विडाल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९२२ साली फ्रान्समध्ये पॉलिप, दमा आणि ॲस्पिरिन हे त्रिकूट लिहून ठेवलंय. बाईला दम लागला की ती मनाला लावून घेते म्हणायचं, हे मला आजही सहन होत नाही.

आता राहिलेलं. ॲस्पिरिनने दमा उसळायचा हा प्रकार सगळ्या दमेकऱ्यांना नसतो, मोठ्या माणसांच्या दम्यात शंभरात सातेक जणांना असतो. हार्टसाठी रोज ॲस्पिरिन चालू असेल तर माझं वाचून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. काही जणांना तर डॉक्टर स्वतःच्या देखरेखीखाली अगदी थोड्या डोसपासून ॲस्पिरिनची सवय लावतात, मग रोज देतात आणि त्याने पॉलिप परत वाढायचे कमी होतात, पण ते घरी करायचं काम नाही. सीबीसी या रक्ततपासणीतल्या प्लेटलेट काउंटवरून दम्याचं काही कळत नाही, त्यासाठी फुंकून करायची स्पायरोमेट्री करा.

दम्याबरोबर नाकात पॉलिप असतील, वास येत नसेल, तर कुठलीही पेनकिलर घेण्याआधी पाकिटामागचे घटक वाचा आणि डॉक्टरांना विचारा. ताईच्या फाइलवर मी लाल पेनने लिहून ठेवलंय, ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको. दाजी मात्र अजूनही म्हणतात, त्या दिवशी धुपानेच झालं.