सेनेगलच्या खेड्यात राहायला जाताय? प्रश्नावली घरीच ठेवा

तुमचा प्रश्न असा: सेनेगलमधल्या सिरेर लोकांच्या खेड्यात तीन आठवडे यजमान कुटुंबाकडे राहायचंय, घर मुसलमान आहे, तुम्ही हिंदू. धर्म विचारला तर काय सांगावं, आणि ‘धार्मिक शांतता’ या प्रकल्पासाठी कोणते प्रश्न न्यावेत?

पहिल्याचं उत्तर एका ओळीचं. खरं सांगा. हिंदी सिनेमा तिथं अनेकांनी पाहिलेला असतो, विषय तिकडेच वळतो.

दुसऱ्याबद्दल मात्र माझं मत ठाम आहे. प्रश्नावली नेऊच नका. ‘तुम्ही एकमेकांशी शांततेनं कसे राहता?’ असं विचारलंत की ‘आम्ही सगळे एक आहोत’ एवढंच ऐकायला मिळेल आणि वही तिथंच थांबेल. त्यापेक्षा कामाला लागा.

माझा मुक्काम झोआल या किनाऱ्यावरच्या गावाच्या बाजूला होता, ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात. गुड फ्रायडेला कॅथलिक घरांत न्गालाख नावाचा गोड पदार्थ करतात आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे पोचवतात. काम गुरुवारीच सुरू होतं. बाजरीच्या पिठावर पाण्याचा हबका मारत हातानं वळून बारीक कण्या करायच्या, चाळायच्या आणि वाफवायच्या. खालचं पातेलं आणि वरची चाळण यांच्या सांध्याला ओल्या पिठाची पट्टी लावतात. ती सुटली की वाफ बाजूनं जाते आणि कण्या कच्च्या राहतात. एका वाफेवर भागत नाही. काढायच्या, गुठळ्या हातानं फोडायच्या, पाणी शिंपडायचं, परत चढवायच्या.

दुसरीकडे गोरखचिंचेचा गर कोमट पाण्यात भिजत असतो. तो बियांवरून सुटेपर्यंत हातानं चोळायचा आणि गाळायचा. घाईनं गाळला तर तोंडात रेव लागल्यासारखं होतं. मग तेल सुटेपर्यंत वाटलेले भाजके दाणे. सगळा कोळ त्यांवर एकदम ओतलात तर गोळे होतात आणि ते काही केल्या मोडत नाहीत. आधी पळीभर कोळात पेस्ट सैल करायची, मग थोडा थोडा वाढवत जायचं. त्या घरचं माप असं: एक किलो कण्यांना एक किलो गर, अर्धा किलो पेस्ट, जवळजवळ किलोभर साखर, वर जायफळ आणि बेदाणे. कण्या आणि कोळ रात्रभर वेगळे ठेवायचे. आधीच कालवलं तर बाजरी सगळं पिऊन टाकते आणि सकाळी पातेल्यात घट्ट लगदा उरतो. शुक्रवारी भांडी भरायची, झाकायची आणि पोरांच्या हाती घरोघर धाडायची.

माझा अहवाल तपासणाऱ्या मार्गदर्शकांनी या प्रसंगाशेजारी ‘शांततेचं प्रतीक’ असं लिहिलं होतं. शांतता आधी असते, खाणं तिची खूण, असं त्यांचं म्हणणं. मला ते तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. किलोकिलो साखर, दोन दिवसांची मेहनत आणि कुणाचं घर राहून गेलं याची रात्री झालेली उजळणी, हे प्रतीक कसं? ही शांततेची दरवर्षीची मशागत आहे. एक वर्ष भांडं आलं नाही तर ‘का आलं नाही’ हे विचारायला कुणीतरी उंबरठ्यावर येतं. श्रद्धेत सहिष्णुता वगैरे किती आहे, हे मोजायची मला गरज वाटत नाही. ९५ टक्क्यांच्या आसपास मुसलमान असलेल्या या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष, १९६० ते १९८० पर्यंत, झोआलमध्ये जन्मलेले सिरेर कॅथलिक सेंगोर होते. शेजारच्या फादियूत बेटावर शिंपल्यांच्या दफनभूमीत ख्रिस्ती आणि मुसलमान दोघांच्याही कबरी आहेत.

कामाची गोष्ट सांगतो. सिरेर गावातही वोलोफ भाषा चालते. ‘जाम्म न्गा अम?’, म्हणजे शांतता आहे ना, असं विचारलं की ‘जाम्म रेक्क’, फक्त शांतताच, असं म्हणायचं. हे भराभर उरकू नका. घरच्यांची, कामाची, तब्येतीची चौकशी होईपर्यंत उभे राहा. एकाच परातीत जेवताना आपल्या समोरच्या भागातलंच खायचं. मासळी मधोमध असते, घरची बाई मोडून तुमच्याकडे सरकवते. आपण हात लांबवायचा नाही. तुम्हाला तिथलं नाव देतील. ते ‘न्जाय’ असेल तर प्रत्येक ‘जोप’ आडनावाचा माणूस तुम्हाला खादाड म्हणेल. हे थट्टेचं नातं आहे, चिडू नका, उलट टोला द्या. सिरेर आणि दक्षिणेकडचे जोला लोक यांच्यातही हेच चालतं, आणि त्या थट्टेच्या आड बरीच खरी भांडणं बोलून मोकळी होतात.

पण हे सगळ्यावर औषध आहे असं लिहू नका. जोलांच्याच कासामान्स भागात १९८२ पासून फुटीरतावादी बंड झालं आणि त्यात माणसं मेली, तिथं थट्टेचं नातं असूनही. ते भांडण धर्माचं नव्हतं, हेही लिहा.

तारखा बघून तिकीट काढा. गुड फ्रायडे जमला नाही तर तबस्की, म्हणजे बकरी ईद, गाठा. तेव्हा मेंढ्याचं मटण उलट दिशेनं, मुसलमान घरांतून कॅथलिक घरांकडे जातं. शाकाहारी असलात तरी भांडं उचलायला जा, आणि आधी कुठल्या दारी न्यायचं ते घरातल्या म्हातारीला विचारा.