नवी आर्केड स्टिक हप्त्यावर, की जुन्या स्टिकमध्येच नवा लिव्हर?

प्रश्न: मी 26 वर्षांचा, अमळनेरचा. जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात 23,500 रुपये येतात. त्यातले 12,000 घरी देतो, गाडीचा पास, डबा आणि वरखर्चाला 4,500 जातात, 1,000 ची एसआयपी आहे, मोबाइलचा 1,850 चा हप्ता एप्रिलपर्यंत चालेल. बचत खात्यात 41,000 आहेत. घरी तीन एकर कोरडवाहू कापूस. बहिणीचं लग्न आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर. मी कॉम्प्युटरवर टेकन 8 हा मारामारीचा गेम खेळतो. माझ्या जुन्या आर्केड स्टिकवर, म्हणजे लिव्हर आणि बटणांच्या पेटीवर, खाली-पुढे ही तिरकी दिशा अधूनमधून लागतच नाही. नवी स्टिक 27,500 ला नऊ महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर मिळते, रोख दिले तर 1,200 कमी. सान्वा कंपनीचा लिव्हर 3,200 ला आणि बटणं प्रत्येकी 350 ला मिळतायत, आठही बदलायची आहेत. एक मित्र म्हणतो, लिव्हर सोड आणि नुसत्या बटणांची लिव्हरलेस घे. पुण्याच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं तर पैसे वसूल होतील. आई म्हणते, "इतला पैसा कसाले?" काय करू?

उत्तर: प्रिय मित्रा, आधी आईच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण ते तुम्हाला घरी द्यावं लागणार आहे. दिवसभर कारखान्यात उभं राहून, गाडीच्या गर्दीतून घरी येऊन तुम्ही जो खेळ मन लावून खेळता, त्यावर स्वतःच्या कमाईतले पैसे खर्च करणं ही उधळपट्टी नाही. त्यामुळे "खर्च करू नका" असं मी म्हणणार नाही. किती, कशावर आणि कधी करायचा, एवढंच ठरवायचं आहे.

तुमची तक्रार खरी आहे. टेकनमध्ये मिशिमा घराण्यातली पात्रं खेळणाऱ्याला "इलेक्ट्रिक" हा फटका मारायचा असेल तर पुढे, मध्ये, खाली आणि मग खाली-पुढे या तिरक्या दिशेबरोबर त्याच फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या त्याच चित्राला, बटण दाबावं लागतं. खेळ सेकंदाला 60 फ्रेमने चालतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद मिळतात. ती दिशाच नोंदली गेली नाही, तर सराव कितीही असो, हात रिकामा जातो.

पण ही दिशा का हुकते ते बघा. लिव्हरच्या खाली चार मायक्रोस्विच असतात, चार मुख्य दिशांना एकेक. तिरक्या दिशेसाठी वेगळा स्विच नसतो. शेजारचे दोन एकाच वेळी दाबले गेले की ती दिशा लागते. त्यातला एक झिजला, आत धूळ बसली किंवा वायर सैल झाली, की नुसतं "खाली" नाहीतर नुसतं "पुढे" नोंदलं जातं. म्हणजे दोष बहुधा लिव्हरमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे. 27,500 मधला मोठा भाग पेटी, बोर्ड (काय दाबलं ते कॉम्प्युटरला कळवणारं सर्किट), गेम कन्सोलचा परवाना आणि ब्रँडच्या नावाचा असतो, आणि त्यातलं काहीही तुमच्या स्टिकमध्ये बिघडलेलं नाही.

आता घराचा हिशेब. सगळं वजा जाता तुमच्या हातात महिन्याला 4,150 उरतात. नव्या स्टिकचा हप्ता होतो 3,056. उरले 1,094. कागदावर बसतं खरं, पण मला काळजी वेगळीच आहे. तुमच्या घरात दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारा पैसा फक्त तुमचा आहे. कापसाचा पैसा वर्षातून एकदा, वेचणी आणि विक्री झाली की येतो, आणि तोही पावसावर आणि भावावर. हप्ता डिसेंबरपासून सुरू केला तर ऑगस्टपर्यंत चालेल. आखाजी एप्रिल-मेमध्ये, त्यानंतर लग्न, आणि लग्नाचे मांडव उतरतात न उतरतात तोच जूनमध्ये बियाणं, खत, पेरणीची मजुरी. खान्देशातल्या कोरडवाहू घरात वर्षाची सगळ्यात मोठी रोख चणचण याच दिवसांत असते. अशा वेळी हाताशी पैसा नसला की दागिना बँकेत गहाण जातो किंवा उसनवारी होते. तुमचा हप्ता नेमका त्याच महिन्यांतून जाणार आहे.

तुमच्या खात्यातले 41,000 मी बचत म्हणून मोजत नाही, अडीनडीचा निधी म्हणून मोजतो. घरखर्च आणि तुमचा वरखर्च मिळून महिन्याला 16,500 होतात, म्हणजे हा जेमतेम अडीच महिन्यांचा आधार आहे. नोकरदाराला मी किमान तीन महिन्यांचा सांगतो, शेतीवर अर्धं घर चालत असेल तर जमल्यास सहा महिन्यांचा. रोख देऊन नवी स्टिक घेतली तर 14,700 उरतील, एका महिन्याचाही खर्च निघणार नाही.

"नो-कॉस्ट" या शब्दावर फार विसंबू नका. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा काही प्रकार नसतो. होतं असं की व्याजाएवढी सूट किमतीत दाखवतात, आणि बँक ते व्याज हप्त्यातून घेते. ईएमआय क्रेडिट कार्डावर असेल तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो. 15 टक्के दर धरला तर तुमच्या रकमेवर नऊ महिन्यांचं व्याज साधारण 1,640 होतं आणि त्यावरचा जीएसटी 295 च्या आसपास. वर प्रोसेसिंग फी, तिच्यावरही जीएसटी. शिवाय रोखीची 1,200 ची सूट हातची गेली. एखादा हप्ता चुकून कार्डाची थकबाकी झाली तर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागू शकतं. लग्नाच्या धावपळीत तारीख विसरणं किती सोपं असतं, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नवी स्टिक आत्ता नको, हप्त्यावर तर मुळीच नको. जुनीच सुधारा, आणि तीही टप्प्याने.

पहिला टप्पा फुकटचा आहे. वायर काढा, खालची पाटी उघडा, धूळ साफ करा, लिव्हरची पाच तारांची पिन घट्ट बसली आहे का बघा. मग विंडोजमधल्या गेम कंट्रोलरच्या तपासणी खिडकीत लिव्हर सावकाश फिरवा आणि कोणती दिशा गळते ते पाहा. पिन सैल निघाली तर तुमचे 3,200 वाचले. दोष स्विचचाच निघाला तरी काही लिव्हरमध्ये स्विचची पाटी वेगळी बदलता येते, विक्रेत्याला तेही विचारा.

तेवढ्याने भागलं नाही तर लिव्हर घ्या. बटणं मात्र आठ कशाला? टेकनमध्ये मारायची बटणं चारच, दोन हातांची आणि दोन पायांची. तीच सगळ्यात जास्त झिजतात. लिव्हर 3,200 आणि चार बटणं 1,400, एकूण 4,600. खात्यात 36,400 उरतात, म्हणजे दोन महिन्यांहून थोडा जास्त आधार शाबूत. उरलेली चार बटणं चालतायत तोवर चालू द्या. स्ट्रीट फायटरसारखा सहा बटणांचा खेळ सुरू केलात तर तेव्हा आणखी दोन घ्या. उद्या कधी नवी पेटी घेतलीत तर हेच पार्ट तिच्यात बसवता येतात, सान्वाची मापं या धंद्यात सर्रास चालतात. त्यामुळे हा पैसा वाया जात नाही.

बोर्ड बदलायची घाई नको. कॉम्प्युटरवर खेळत असाल तर काही शे रुपयांच्या रास्पबेरी पाय पिको बोर्डवर जीपी2040-सीई हे मोफत सॉफ्टवेअर टाकून उत्तम बोर्ड होतो, पण तुमची तक्रार दिशा गळण्याची आहे, दाबलेलं उशिरा नोंदलं जाण्याची नाही. लिव्हरलेसबद्दल मित्र चुकीचं सांगत नाही. तिच्यात झिजणारे भाग कमी आणि हालचाल नेमकी. पण हाताला नव्याने शिकवावं लागतं, आणि ते महिने स्पर्धेच्या तोंडावर घालवू नयेत.

बक्षिसाचा मुद्दा मी हिशेबातून पूर्ण काढून टाकतो. बक्षीस मिळालं तर आनंदच, पण ते उत्पन्न नाही, आणि त्याच्या भरवशावर हप्ता घेणं धोक्याचं. उलट पुण्याला जायचं भाडं, राहणं, प्रवेश फी आणि बुडालेला रोज, हा खर्च नक्की आहे. साधनाबद्दल एक गोष्ट सांगतो: मारामारीच्या गेम्सच्या इव्हो या मोठ्या स्पर्धेत 2014 मध्ये फ्रान्सच्या लफीने अल्ट्रा स्ट्रीट फायटर 4 चं विजेतेपद पहिल्या प्लेस्टेशनच्या साध्या पॅडवर मिळवलं. समोर स्टिकवाले खेळाडू होते. तुमच्याकडे दिशा बिनचूक लागणारी स्टिक हवी, एवढंच साधनाकडून मागा.

एप्रिलमध्ये मोबाइलचा हप्ता संपेल. सुटलेले 1,850 लगेच दुसऱ्या हप्त्याला जोडू नका. लग्न आणि पेरणी पार पडेपर्यंत ते खात्यातच साठू द्या. पावसाळा सुरळीत लागला की त्यातल्या 1,000 ची वेगळी आवर्ती ठेव काढा, फक्त खेळासाठी. बाकीचे 850 अडीनडीच्या निधीत. तोवर खेळाचा ओढा टिकला आणि निधी तीन महिन्यांच्या, म्हणजे 49,500 च्या वर गेला, तर नवी स्टिक रोखीने घ्या, मी आडवा येणार नाही.

ऑर्डर देण्याआधी एवढं मात्र करा: बटणांची भोकं 30 मिलिमीटरची आहेत का मोजा, बटणांच्या तारा खटक्याने निघतात की डाग लावून जोडल्या आहेत ते पाहा, आणि पेटीची खोली लिव्हरला पुरते का तपासा. तिन्ही गोष्टी फोटोसकट विक्रेत्याला कळवा. पार्ट बसला नाही तर परत घेणार का, हे त्याच्याकडून लेखी घ्या, आणि मगच पैसे पाठवा.